तेरावी यत्ता

“तेरावं? ... कुणाचं?”

दशरथ डोणे दारात उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आजऱ्यात कुणी गेल्याचं त्याच्या कानावर नव्हतं. आणि आजऱ्यात कुणी जावं आणि दशरथच्या कानावर येऊ नये, असं आजवर झालेलं नव्हतं.

“गेलं कुणी नाही,” पाहुणा म्हणाला. “तेरावी लेव्हल. मी बारावीत आहे. तेरावीसाठी आलोय.”

दशरथने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिशी उलटलेली, केस कपाळावरून मागे सरकायला लागलेले.

“अजून बारावीत?” तो आवाज खाली घेऊन म्हणाला. “असू दे. हुतंय एखाद्याचं.”

आतून बाईंचा आवाज आला.

“दशरथ, खेळाचं बोलतोय तो. आपल्यातलाच आहे. आत घे त्याला.”

टोपी परत डोक्यावर गेली.

पाहुण्याचं नाव निनाद खाडिलकर. पुण्याहून एसटीने आला होता. पाठीला पिशवी, पिशवीत एक मखमली बटवा, बटव्यात निळे फासे. फाशांना सरदी होऊ नये अशा बेताने तो ती पिशवी सांभाळत होता.

बाई म्हणजे मंदाकिनी पाटणे. जन्मभर आजऱ्याच्या शाळेत पहिलीला शिकवलं. त्यांचे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. एकदा येताना त्यांनी परदेशातून खेळाचा एक खोका आणला. दीर परत बोटीवर गेले, खोका इथेच राहिला. बाईंनी त्यातली पुस्तकं वाचून काढली आणि दर रविवारी दुपारी सोप्यात तो खेळ मांडायला सुरुवात केली.

खेळ असा, की प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. हा त्याचा पेशा. एकजण खेळ चालवतो. तो सांगतो, समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे. मग तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. निभावलंत तर अनुभव साठतो, आणि पुरेसा साठला की तुमचा माणूस वरच्या पातळीला जातो. पुण्याकडे त्या पातळीला लेव्हल म्हणतात. बाई शाळेतल्या. त्या यत्ता म्हणतात.

याला टेबलावरचा खेळ असंही म्हणतात. बाईंकडे टेबल नाही, सतरंजी आहे.

सतरंजीवर सलमा मुजावर बसली होती. बाजारपेठेत तिचं औषधांचं दुकान. रविवारी दुपारी ते बंद असतं, आणि का बंद असतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. दशरथ तिच्या शेजारी जाऊन बसला. तो भाताच्या गिरणीवर असतो, आणि खेळात लढवय्या.

मधे भडंगाचं ताट होतं.

निनाद वाकून बाईंच्या पाया पडला. मग बसला. मग लगेच बोलला.

“बाई, तुमचं नाव मी तिकडे फार ऐकलंय. इतकी वर्षं न थांबता चाललेला खेळ दुसरीकडे कुठे नाही म्हणतात.”

“थांबतो की. दिवाळीत थांबतो.”

“मला एकच डाव हवाय. ज्वालसेन तेरावीच्या उंबऱ्यावर आहे. एक पराक्रम केला की झालं.”

“ज्वालसेन कोण?”

“माझा मांत्रिक. अग्निशाखेचा.”

“बरं. आणि हे तुझ्या गावी का नाही होत?”

निनादने चष्मा काढून पुसला.

“माझी मंडळी... सध्या जमत नाहीत.”

बाईंनी पुढे विचारलं नाही. भडंगाचं ताट त्याच्याकडे सरकवलं.

दोन घास खाल्ल्यावर निनादला धीर आला. त्याने सलमाकडे पाहिलं.

“ताई, तुमचा पेशा?”

“चोर.”

“कितवी?”

“दुसरी.”

“नवीन आहात का?”

“नाही हो. बाईंनी सुरू केलं तेव्हापासून आहे. माझी आई ओरडायची.”

“आणि दुसरीत?”

“चोराच्या आधी वैद्यीण होती माझी,” सलमा म्हणाली. “चांगली सातवीत होती. वाटेत एका गावात तिला एक कुंभार आवडला. लग्न केलं आणि तिथंच राहिली.”

“म्हणजे... तुम्ही तिला सोडलंत?”

“मी कुठं सोडलं? तीच म्हणाली, आता नाही येत. सुखात आहे.”

दशरथने मान डोलावली. “दोन पोरं हाईत तिला.”

निनादला हसावं की कीव करावी ते कळेना. पुण्याच्या माणसाला असं झालं की तो प्रश्न विचारतो. त्याने विचारला.

“बाई, सगळ्यांत श्रेष्ठ पेशा कोणता? मी बाराच्या बारा पेशे अभ्यासलेत. लढवय्या सुरुवातीला बरा, नंतर मागे पडतो. चोर मधे चमकतो. मांत्रिक पहिल्या यत्तेत मांजराच्या पंजानेही मरतो, पण एकदा वर गेला की त्याला तोड नाही. माझं मत मांत्रिक. तुमचं?”

बाईंनी विचार केला.

“आज कोण आलंय त्यावर आहे.”

“म्हणजे?”

“दशरथ आला नाही की लढवय्या श्रेष्ठ वाटतो.”

हे उत्तर आहे की चेष्टा, हे निनादला ठरवता आलं नाही. बाई भडंगातल्या मिरच्या बाजूला काढत होत्या.

“बस तर मग,” त्या म्हणाल्या. “घे ज्वालसेनाला. आज गडावरच आहोत आम्ही.”

गडाची हकीकत सलमाने सांगितली. ओसाड गड. दरवाजा बंद. दरवाज्यावर काशिबा नावाचा म्हातारा पहारेकरी, सारखा खोकणारा. आत भुयार आहे. भुयारातून रात्रंदिवस जात्याची घरघर येते. कुणीतरी दळतंय. गड तर ओसाड... मग कोण दळतंय, आणि कुणासाठी? तेच शोधायचंय. पण काशिबा आत सोडत नाही.

“मग इतके रविवार केलंत काय?” निनादने विचारलं.

“बोललो की त्याच्यासंगं,” दशरथ म्हणाला. “गेल्या रविवारी मी त्याला तंबाखू दिली.”

“मी त्याच्या खोकल्यावर काढा केला,” सलमा म्हणाली. “चोर असले तरी काढा येतो मला.”

बाईंनी बैठक बदलली. पाठीला जरा पोक आणला, घसा खाकरला. सोप्यात बाई राहिल्या नाहीत, काशिबा आला.

“कोन हाय रं तिकडं?” काशिबा खोकला. “भैरू, आज नवा मानूस आनलास?”

भैरू म्हणजे दशरथचा लढवय्या. दशरथ सरसावून बसला. आज किल्ली मिळणार असं त्याला आतून वाटत होतं.

“काशिबा, ह्यो आपला...”

“ज्वालसेन अग्निबाण सोडतो,” निनाद म्हणाला.

“...आँ?”

“पहारेकऱ्यावर.” निळा फासा सतरंजीवर गरगरला आणि थांबला. “एकोणीस. अधिक मंत्रबळाचे नऊ.”

बाईंनी फाशाकडे पाहिलं. मग पाठ सरळ केली. काशिबा गेला, बाई परत आल्या.

“जळाला,” त्या म्हणाल्या. “राख झाली. दरवाजाही जळाला. वाट मोकळी.”

दशरथने ताटातला एक शेंगदाणा उचलला आणि तो परत ताटात ठेवला.

“पाव्हणं हाईत,” तो सलमाला हळू आवाजात म्हणाला, जणू तिनेच तक्रार केली होती. “जाऊ दे.”

निनादला यातलं काही ऐकू आलं नाही. तो भुयारात शिरला होता. भुयारात दोन डोक्यांचा राक्षस निघाला. पहिलं डोकं काही बोलायला लागलं, तेवढ्यात दुसरं जळालं. मग पहिलंही. पुढे सापळा होता, तो ज्वालसेनाने लांबूनच उडवून दिला. सलमाची चोर सापळे शोधण्यात वाकबगार. तिने आपला फासा मुठीत धरला होता, तो मुठीतच राहिला.

भुयार संपलं तिथे दरी लागली. दरीवर एकच कुजकी फळी. खालून जात्याची घरघर.

“थांबू इथे,” बाई म्हणाल्या. “ज्वालसेनाचा पराक्रम झाला. तेरावी लागली.”

निनादचं तोंड लाल झालं. खरंच झालं. त्याने घाईघाईने पिशवीतून आपला कागद काढला. प्रत्येक खेळाडूकडे आपल्या माणसाचा एक कागद असतो. त्यावर नाव, पेशा, यत्ता, अंगातलं बळ, जखमा, सगळं लिहिलेलं असतं.

“लिहा बाई. तुमच्या हाताने लिहा.”

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. टेकवली. पेन्सिल घसरली. पुन्हा टेकवली... पुन्हा घसरली.

कागदाला प्लॅस्टिक चढवलेलं होतं. चारी बाजूंनी, छान गुळगुळीत.

“हे काय रे?”

“लॅमिनेट केलाय. खराब होऊ नये म्हणून.”

“कधी केलास?”

“आमचं जमणं थांबलं तेव्हा.”

दशरथने आपला कागद पुढे केला. खोडून खोडून मधे भोक पडलं होतं. भोकातून सतरंजी दिसत होती.

“जखमा लिवतोय मी हितं,” तो म्हणाला. “लई लागतंय भैरूला.”

बाईंनी पेन्सिल परत कानामागे अडकवली.

“लिहिता येत नाही बाबा. हात पुढे कर.”

निनादने उजवा हात पुढे केला. बाईंनी ताटातून एक शेंगदाणा निवडला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

“ही तेरावी.”

निनाद हसला. त्याला वाटलं, म्हातारीला विनोदाचं अंग आहे.

“चौदावी हवी?” बाईंनी विचारलं.

“कुणाला नको असते?”

“घे.” दुसरा शेंगदाणा. “पंधरावी?”

“अशी कशी? पराक्रम तर...”

“मी देतेय ना. खेळ मी चालवते. ही पंधरावी. ही सोळावी.”

सलमा आणि दशरथ बघत राहिले. बाई शांतपणे, पहिलीच्या वर्गात खाऊ वाटावा तशा, शेंगदाणे ठेवत गेल्या. सतरावी. अठरावी. एकोणिसावी. निनादने बोटं मिटून तळव्याची ओंजळ केली.

“ही विसावी.”

“...आणि पुढे?”

“पुस्तकच संपलं. पुढे यत्ता नाही.”

सोप्याबाहेर कुणाचीतरी सायकल घंटी वाजवत गेली.

“आता त्याला उडता येतं,” बाई म्हणाल्या. “भिंतीतून जाता येतं. मेला तरी उठून येता येतं. बरोबर?”

“बरोबर.”

“बरं वाटतंय?”

निनादने हातातल्या शेंगदाण्यांकडे पाहिलं. घरी किती रात्री त्याने या क्षणाचा विचार केला होता. तेरावीला कोणता मंत्र घ्यायचा, सतरावीला कोणता. सगळं ठरलेलं होतं.

“वाटायला हवं होतं,” तो म्हणाला.

मग तो थोडा चिडला. माणूस चिडला की बरोबरी करायला बघतो.

“तुम्ही कितवीत आहात, बाई?”

“मी? मी आत्ताच मेले की.”

“कधी?”

“काशिबा मीच होते. तो दोन डोक्यांचा, तोही मीच. एकेक डोकं करून मेले.” बाई हसत होत्या. “दर रविवारी मरते मी. दिवाळी सोडून.”

“म्हणजे तुम्हाला यत्ताच नाही?”

“पहिलीला शिकवायचे ना मी. पोरं दुसरीत गेली. मी पहिलीतच.”

“त्याचं वाईट नाही वाटलं कधी?”

“का बरं? दर जूनला नवीन पोरं.”

निनादने हातातले शेंगदाणे तोंडात टाकले. आठ यत्ता एका घासात गेल्या. चावून झाल्यावर तो खाली बघून बोलायला लागला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला तोरा उतरला होता.

“आम्ही पाचजण होतो. माझ्याच घरी जमायचो. ज्वालसेन असला की कुणाला काही होत नसे. कुणी पडायला लागलं की मी उचलायचो. कुणावर वार आला की मी अडवायचो. कुलूप दिसलं की उघडायचो. मी एकालाही मरू दिलं नाही, बाई. एकालाही.”

“मग?”

“मग एकाला काम निघालं. मग दुसऱ्याला. मग... शेवटचा तर फोनच घेईना. मला वाटलं, मी तेरावीत गेलो की त्यांना सांगेन. ते परत येतील. मला त्यांची फार आठवण येते. रविवार उजाडला की नको वाटतं.”

सलमाने ताटातली बोटं मागे घेतली. दशरथ टोपी चाचपत बसला.

“काय चुकलं माझं, बाई?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चांगलं मायेनं पाहिलं. मग मान वळवली.

“सलमा, तुझा डाव.”

“चिमणी फळीवर पाय टाकते,” सलमा म्हणाली. चिमणी म्हणजे तिची चोर. “आधी टोकाने दाबून बघते. मग दुसरा पाय.”

“फळी करकरते,” बाई म्हणाल्या. “मधोमध आलीस. खालून घरघर. थांबली... परत सुरू झाली. टाक फासा. बारा किंवा वर.”

सलमाने फासा दोन्ही हातांत खुळखुळवला. कपाळाला लावला. टाकला.

तीन.

“फळी मोडली,” बाई म्हणाल्या. “चिमणी पडते आहे.”

“थांबा,” निनादने हात वर केला. “मी वाचवतो. ज्वालसेन तिला हवेत धरतो. फासाही लागत नाही, एक शब्द पुरे.”

“मला काय सांगतोस?”

“मग?”

“तिला विचार.”

निनादने सलमाकडे वळून पाहिलं. इतका वेळ ती शेजारी होती, पण त्याने तिला पाहिलं ते आत्ता. तिचे डोळे चमकत होते. ती गुडघ्यांवर उठून बसली होती.

“ताई... वाचवू?”

“नको हो.”

“पण तुम्ही मराल. दुसरीतल्या आहात.”

“मरेन कदाचित.” सलमाने त्याच्या हातावर हलकेच थोपटलं, हट्टी गिऱ्हाइकाला समजावतात तसं. “पडू द्या मला. खाली कोण दळतंय ते बघायचंय. केव्हापासून बघायचंय.”

निनादचा हात हवेतच राहिला.

“आमी बी उडी मारतो,” दशरथ म्हणाला.

“फासा टाक.”

“उडी मारायला फासा कशाला, बाई? खालीच जायचंय न्हवं?”

बाईंनी विचार केला आणि मान्य केलं. “नको तर नको. भैरूने उडी मारली.”

आता काठावर ज्वालसेन एकटा होता.

“अंधार आहे,” बाई त्या दोघांना सांगत होत्या. आवाज बारीक झाला होता. सलमा आणि दशरथ पुढे झुकले. “वारा खालून वर येतोय. कानात भरतोय. चिमणी, तुझ्या तोंडावर काहीतरी उडालं. पुसलंस. पीठ आहे. ओलसर. आणि वास येतोय... भैरू, हा वास तुला माहीत आहे.”

“कसला?” दशरथने श्वास रोखला.

“आठव.”

“आईच्या हातच्या...” दशरथ बोलता बोलता थांबला. “बाई, थट्टा नगा करू.”

निनादही पुढे झुकला होता. तो कधी झुकला, त्याचं त्याला कळलं नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

“मी पण येतो,” तो म्हणाला.

“कसा?”

“उडत येतो खाली.”

“ये की. उडत आलास की हातातल्या आगीचा दिवा घेऊन येशील. सगळं एकदम दिसेल. त्यांनाही दिसेल.”

निनादने दोघांकडे पाहिलं. दोघं काहीच बोलली नाहीत. पाहुणा होता, नाही कसं म्हणणार. पण सलमाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते निनादने पूर्वी पाहिलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाभोवती, चार चेहऱ्यांवर. तेव्हा त्याला वाटलं होतं, हे लोक दमलेत.

“नाही,” तो सावकाश म्हणाला. “उडत नको. मी नुसतीच उडी मारतो.”

“ज्वालसेन मारेल?”

निनादने प्रामाणिकपणे विचार केला. बारा यत्ता त्याने ज्वालसेनाला आपल्या अंगाखांद्यावर वाढवलं होतं. त्याची नस न् नस त्याला ठाऊक होती.

“उडी मारेल,” तो म्हणाला. “पण पडणार नाही. पाय सुटले की तो आपोआप तरंगतो. त्याला पडताच येत नाही, बाई.”

त्याने कागदाच्या प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवला.

“मग त्याचं काय करू मी? टाकून देऊ?”

“टाकतोस कशाला?” बाई म्हणाल्या. “चांगला शिकलासवरलेला आहे. काठावर उभा कर त्याला. हातात आग आहे ना त्याच्या? वर कुणीतरी उजेड धरून थांबायला लागतंच. वर चढून येताना दिसायला पाहिजे ना त्यांना.”

“तो... थांबेल.”

“थांबेल की. चेहऱ्यावरून भला दिसतो.”

निनाद हसला. डोळ्यांत पाणी होतं ते त्याने पुसलं नाही. त्याने ज्वालसेनाचा कागद दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीला टेकवून उभा केला.

दशरथ बसल्या जागी सरकला. सतरंजीवर एक माणूस मावेल एवढी जागा झाली, दोघांच्या मधे. भडंगाचं ताट सलमाने मागे घेतलं.

निनाद तिथे जाऊन बसला.

बाईंनी मागच्या फळीवरून एक कोरा कागद काढला. कानामागची पेन्सिल काढून कागदावर ठेवली. पेन्सिल अंगठ्याएवढी उरली होती.

निनादने नाव लिहिलं. हाताआड करून लिहिलं, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

मग पुढच्या ओळीवर आला आणि अडला.

बाराच्या बारा पेशे त्याला तोंडपाठ होते. कुणाची ताकद किती, कुणाला कोणती यत्ता फळते, कुणाबरोबर कुणाची जोडी जमते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पेन्सिलचं टोक कागदावर टेकलं होतं आणि पुढे जात नव्हतं.

दशरथने वाट पाहिली. मग त्याला राहवेना.

“पाव्हणं, जरा लवकर बगा. आमी दोघं अजून अधांतरीच हाय.”

“बाई,” निनाद म्हणाला, “पेशा काय लिहू?”

बाईंनी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

“आधी पड. पेशाचं खाली गेल्यावर बघू.”